नटवर्य बोलतच राहिले

मिरजेच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो, आणि रेडिओ लावण्याचं कामही माझ्याच गळ्यात पडलं होतं. युद्धाच्या बातम्या ऐकायला मिळाव्यात म्हणून मंडळाने तो सेट आणला होता. तो एका कपाटात ठेवलेला असे, कपाटाला कुलूप, आणि किल्ली माझ्याकडे. बातम्या संपल्या की बहुतेक लोक चपला शोधायला लागत. शनिवारी संध्याकाळी मात्र बातम्यांनंतर मुंबईहून गाण्याचा कार्यक्रम असे, त्यासाठी पाच-सहा जण मागे थांबत. त्यांतले एक चाचा.

चाचा तंबोरे करायचे. सगळी गल्ली त्यांना चाचा म्हणे, म्हणून मीही म्हणायचो. गुडघे धरल्यामुळे ते गावाबाहेर कुठे जात नसत. त्यांचे तंबोरे मात्र पुण्या-मुंबईपर्यंत जात. ते गाणं ऐकायला येत असं आम्हाला वाटे. खरं तर ते गाण्याच्या आधीचं ऐकायला येत. गाणारा तोंड उघडण्यापूर्वी नुसते तंबोरे वाजतात, तेवढाच वेळ ते डोळे मिटून बसत. गावात मला मास्तरच म्हणत. एकदा म्हणाले, "मास्तर, दोनातला एक तंबोरा कच्चा लागलाय. गाणाऱ्या बाईंना ऐकू येत असंल, पण आता करणार काय?" मला दोन तंबोरे वाजताहेत हेसुद्धा त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

तेव्हा कार्यक्रम सांगणारा एक कोणी साधा माणूस होता. गाणाऱ्याचं नाव, राग, साथीला कोण, एवढं सांगायचा आणि गप्प बसायचा. त्याचं नाव कुणाला ठाऊक नव्हतं आणि विचारावंसंही वाटलं नाही.

युद्ध संपत आलं होतं त्या सुमारास वर्तमानपत्रात बातमी आली, की हा कार्यक्रम यापुढे एक मोठे नट सादर करणार. नाटकांतून आणि बोलपटांतून त्यांचा चेहरा घरोघरी माहीत होता. आमचे अध्यक्ष वकील होते. ते बातमी हातात घेऊनच आले. "आता बघा वाचनालय कसं भरतं ते!" म्हणाले.

आणि भरलंच. पहिल्या शनिवारी बाकं पुरेनात, लोक खिडक्यांत बसले. नटवर्यांचा आवाज भरदार होता, शब्द सुरेख होते. पण ते थांबेनात. रागाचं वर्णन झालं, चांदणं झालं, महाबळेश्वरला चित्रीकरणाच्या वेळी धुक्यात हाच राग आपल्याला कसा आठवला तेही झालं. मागे तंबोरे सुरू झालेले होते, त्यांच्यावरच यांचं बोलणं चाललं होतं. त्यात राग सांगितला एक आणि गवयाने गायला दुसराच. चाचांनी माझ्याकडे पाहिलं.

"मास्तर, हा माणूस गप्प कवा बसणार?"

मागून कुणीतरी "श्शू!" केलं. चाचांनाच.

असे चार-पाच शनिवार गेले. मी मुंबईला पत्र लिहिलं. अतिशय नम्रपणे लिहिलं, की निवेदन गाणं सुरू होण्यापूर्वी संपावं आणि राग बरोबर सांगावा. छापील उत्तर आलं, की कार्यक्रम आपल्या पसंतीस उतरल्याचे वाचून आनंद झाला. ते पत्र मी अध्यक्षांना दाखवलं. ते हसत सुटले. मला मुळीच हसू आलं नाही.

एक दिवस मी बातम्यांनंतर सगळ्यांसमोरच बोलून टाकलं, की गाणं सांगणाऱ्याला गाणं कळायला पाहिजे. तेव्हा साताऱ्याकडचा एक जवान उठला. रजेवर होता, मिरजेच्या दवाखान्यात खांद्यावर उपचार चालले होते. तो म्हणाला, "आवं मास्तर, तुमचं ते राग-बिग आमाला काय कळतंय? ह्यो गडी बोलतोय म्हणून तर बसलोय. न्हाईतर कवाच उठलो असतो." त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. तो खरंच शेवटपर्यंत बसायचा, गाणंही ऐकायचा. त्याचाच मला जास्त राग आला.

पुढे ज्या शनिवारी खरी ठेच लागली तो सांगतो. मुंबईच्या एका मोठ्या गायिकेने चाचांकडून तंबोऱ्यांची नवी जोडी करून घेतली होती. चाचांनी भीमाकाठचे भोपळे स्वतः निवडून घेतले, वर्षभर सावलीत वाळवले. शेवटचा महिनाभर ते तारांखालची घोडी कानशीने घासत बसले होते. सूर दाणेदार येईना, पुन्हा घासत. जोडी मुंबईला गेली आणि काही दिवसांनी बाईंचा निरोप आला, की रेडिओवर अमुक शनिवारी गाणार आहे, तीच जोडी घेऊन बसेन.

त्या दिवशी चाचा धुतलेला सदरा घालून, मुलाचा हात धरून आले. मी त्यांना सेटला लागून खुर्ची दिली. त्या काळी रेडिओवर गाणं तिथल्या तिथे गायलं जायचं. ऐकलं ते ऐकलं, सुटलं ते कायमचं गेलं.

नटवर्यांनी सुरुवात केली. बाईंचं कौतुक केलं, मग बाईंनी आपलं अमुक नाटक पाहून काय म्हटलं होतं ते सांगितलं, मग त्या नाटकातला एक उतारा म्हणून दाखवला. वाचनालयात टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांखाली आणि त्या उताऱ्याखाली तंबोरे वाजत होते, एवढं मला कळत होतं. चाचा कान सेटच्या जाळीला लावून बसले होते. नटवर्यांचं बोलणं संपलं आणि बाईंनी लगेच सूर लावला, पाठोपाठ तबला आला. गाणं रंगात आलं तेव्हा पुन्हा नटवर्यच आले, वेळ संपल्याचं दुःख व्यक्त करायला. त्या दुःखालाही त्यांनी बराच वेळ घेतला.

"ऐकू आले का चाचा?" मी विचारलं.

"न्हाई," म्हणाले. मुलाला म्हणाले, "चल."

मला त्यांच्याकडे बघवेना. मी उगाच कपाटाचं कुलूप दोनदा उघडून लावलं.

त्यानंतर महिन्याभराने नटवर्यांचं नाटक सांगलीला लागलं. मी दुपारच्या गाडीने सांगलीला गेलो आणि ओळख काढून नाटकगृहाच्या मागे त्यांना गाठलं. ते खाटेवर बसून चहा पीत होते. मला वाटलं होतं हाकलून देतील. त्यांनी उलट मलाही चहा मागवला.

मी सगळं सांगितलं. चाचा, ती जोडी, तो शनिवार. ते मन लावून ऐकत होते.

"खरं सांगू का मास्तर?" ते म्हणाले. "मला गाण्यातलं फारसं कळत नाही. मी तसं रेडिओवाल्यांना सांगितलंही होतं. ते म्हणाले, तुमच्या आवाजाने लोक रेडिओजवळ येतील. आले का तुमच्याकडे?"

"आले."

"मग?"

"आले ते तुम्हाला ऐकायला. तुम्ही त्यांना गाण्यापर्यंत नेऊन सोडायचं आणि बाजूला व्हायचं. तंबोरे सुरू झाले की तेवढं थांबा, एवढंच म्हणणं आहे."

"अहो, मी थांबलो की लोकांना वाटतं सेट बिघडला," ते हसून म्हणाले. मग जरा गंभीर झाले. "रंगभूमीवर मी थांबतो, तेव्हा समोरची माणसं मला दिसत असतात. तिथे रेडिओच्या खोलीत समोर कोणी नसतं हो. थांबलं की भीती वाटते." निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला. "या शनिवारी ऐका. चाचांनाही बोलवा."

मी परतलो तो आनंदात. तसाच चाचांच्या दुकानात गेलो. त्यांनी कानस खाली ठेवली नाही. "तुमी ऐका आन् मला सांगा," म्हणाले.

शनिवारी मी आवाज मोठा केला. तंबोरे सुरू झाले. नटवर्य खरंच थांबले. मी कान सेटच्या जवळ नेला. आणि मग तोच आवाज आला: "रसिकहो, हे स्वर ऐकलेत? परवा मिरजेच्या एका मास्तरांनी मला या तंबोऱ्यांचं मर्म समजावून सांगितलं..." पुढे चाचांचे भोपळे आले, कानस आली, दुखरे गुडघे आले, माझा चहासुद्धा आला. सगळं त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की खिडकीतल्या एकाने डोळे पुसले. तंबोऱ्यांचा सूर बोलण्याखाली बुडाला, तो पुन्हा वर आलाच नाही.

आठवडाभर गावात लोक मला थांबवून अभिनंदन करत होते. अध्यक्षांनी सभेत माझा उल्लेख केला. मी चाचांकडे गेलो तेव्हा त्यांना सगळं आधीच कळलेलं होतं. "नाव निघालं की आपलं रेडिओवर," ते म्हणाले, आणि पुन्हा कामाला लागले. ते वाचनालयात परत आले नाहीत. मीही आग्रह केला नाही, करायला तोंड नव्हतं.

त्या गायिकेने पुढे रेडिओवर गाणं सोडलं. ती जोडी गाण्यामागे वाजताना चाचांनी कधी ऐकली नाही.

नटवर्यांना वर्षभरात त्या कामाचा कंटाळा आला, किंवा नवा बोलपट मिळाला असेल. त्यांच्या जागी एक साधा आवाज आला. नाव, राग, साथ, आणि गप्प. मी किती दिवस याची वाट पाहत होतो! त्या शनिवारी बाकं निम्मी भरली, पुढच्या शनिवारी खिडक्या मोकळ्या झाल्या, आणि महिन्याभरात आम्ही चौघे उरलो. जवान केव्हाच पलटणीत परत गेला होता.

अध्यक्ष दारातून डोकावले. रिकाम्या बाकांकडे बोट दाखवून म्हणाले, "हेच हवं होतं ना तुम्हाला?"

गाणं चालू होतं, म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं. गाणं नसतं तरी काय सांगणार होतो कुणास ठाऊक.