तांब्याभर पाणी
डिझेलचा वास आला की मला उंब्रजच्या घरातली ती खंडेनवमी आठवते. नवरा सीमेवर होता आणि बरेच दिवस त्याचा फोन नव्हता. शेडमध्ये त्याची जुनी मोटरसायकल वर्षानुवर्षं उभी होती. पूजेआधी सासरे ती सुरू करायला गेले, तर किक हालेचना. गावातल्या मेकॅनिकनं इंजिन तपासलं. गाडी ठेवताना नवऱ्यानं प्लग काढून आत तेल सोडलं होतं आणि भोकात नुसतं फडकं कोंबलं होतं. "आत पाणी गेलंय. पिस्टन गंजून धरलाय," मेकॅनिक म्हणाला. सासूबाईंच्या हातातला तांब्या तसाच राहिला. दर खंडेनवमीला त्याच तांब्यानं त्या गाडीला आंघोळ घालायच्या. "माज्याच हातनं झालं व्हय रं?" त्यांनी इतक्या हळू विचारलं, की त्या गाडीबद्दल नाही, मुलाबद्दल विचारतायत हे सगळ्यांना कळलं. गंज सुटावा म्हणून मेकॅनिकनं भोकातून डिझेल ओतलं आणि बजावलं, "उद्यापतूर हात लावू नगा. जोर केला तर आतला रॉड मोडंल." त्या दिवशी कुणाला जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी, चाकाबरोबर पिस्टनही हलावा म्हणून, मेकॅनिक गाडी टॉप गिअरला टाकून मागचं चाक हळूहळू पुढं-मागं ढकलत राहिला. सासूबाई पाठ फिरवून उभ्या होत्या. दुपारी पिस्टन सुटला आणि चाक बोटभर फिरलं. नवऱ्याचा फोन त्यानंतर दोन दिवसांनी आला. आता तो रिटायर होऊन घरीच असतो. तरी खंडेनवमीला सासूबाई गाडी कोरड्या फडक्यानं पुसतात, आणि त्याआधी गिअर टाकून मागचं चाक जरा फिरवून बघतात. ते फिरेपर्यंत मीही श्वास रोखून असते.