‘हा कर’ म्हणणारे डॉक्टर

शहाद्याचे आमचे डॉक्टर नाडी नंतर बघायचे, आधी तोंडाचा वास घ्यायचे. खुर्ची पुढे ओढायची, नाक रोग्याच्या तोंडापाशी न्यायचं आणि म्हणायचं, “हा कर.” समोर प्रकाशा गावच्या देवळातला पुजारी असो, तोरणमाळहून उतरून आलेला पावरा आदिवासी असो, की साक्षात मामलेदार असो, सगळ्यांना तेच. पोरासोरांनी त्यांचं नाव ‘हाकर डॉक्टर’ पाडलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि मला वाटतं त्यांना ते आवडायचं.

वास आला की माणूस मान फिरवतो. डॉक्टर पुढे यायचे. तापीच्या वाळूतलं खरबूज देठाशी हुंगून घेतात तसे डोळे मिटून हुंगायचे. “वास म्हणजे खबर,” ते म्हणत. “खबर वाईट असली तर मान फिरवून ती चांगली होते का?”

ते तापीकाठच्या गुजर शेतकऱ्याच्या घरातले. भावांनी केळी आणि कापूस सांभाळला, यांनी डॉक्टरकी. घरात गुजरी, रोग्यांशी अहिराणी, आणि माझ्याशी मात्र पुस्तकी मराठी. का, तर मी कॉलेजात जात होते.

एकदा एक आजी नातीला घेऊन आल्या होत्या. पोरीच्या तोंडाला दुर्गंध येतो म्हणून घरात दृष्ट काढून झाली होती, अंगारा लावून झाला होता. डॉक्टरांनी ‘हा’ करून घेतलं, मग एकेक नाकपुडी हुंगली. डावी साफ होती, उजवी नव्हती. “आजी, तोंडाला कशाला बोल लावता? पोरीने नाकात काहीतरी पेरलंय.” वाकड्या चिमट्याने त्यांनी फुगून कुजलेला हरभरा बाहेर काढला. आजींनी तो न्याहाळला आणि म्हणाल्या, “हाऊ ते आमनाच खळाना शे!” हरभरा आपल्याच खळ्यातला, हे त्यांनी ओळखलं तसा सगळा दवाखाना हसला. ती पोर रडता रडता हसली.

आईवडिलांनी मला त्यांच्याकडे नेलं ते दिवाळीच्या सुट्टीत. मी तेव्हा धुळ्याला शिकत होते. आमच्या घरातच काय, आमच्या गावातून कॉलेजात गेलेली मी पहिली मुलगी. याचा मला तेव्हाही अभिमान होता, आजही आहे. तरी त्या सुट्टीत मी वडिलांना सांगून टाकलं होतं, की मी आता परत जाणार नाही.

कारण असं, की वसतिगृहात मी बोलायला लागले की मुली मागे सरकत. माझ्या खोलीतली कुमुद खिडकीकडे तोंड करून झोपायची. मला वाटे, माझ्या बोलण्यात अहिराणीतलं ‘शे’ आणि ‘मन्हा’ येतं म्हणून. मी बोलणं कमी केलं. शहरातल्या मुलींसारखं व्हायचं म्हणून दातण सोडलं आणि बोटाने पूड फिरवायला शिकले. तरी त्या सरकतच राहिल्या. एके दिवशी वर्गात शेजारच्या मुलीने काही न बोलता माझ्यापुढे वेलदोडा ठेवला, तेव्हा मला कळलं.

घरी आईचं निदान ठरलेलं होतं: पोट. आधी एरंडेल झालं, मग सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार. आमच्याकडे तोंडाने काहीही आगळीक केली तरी शिक्षा पोटाला होते. उपासांनी वास वाढला, म्हणून उपास वाढले.

डॉक्टरांनी खुर्ची ओढली. “हा कर.” मी तोंड उघडेना.

“बोलत का नाही ही?”

“ती म्हणस, मन्ही बोली गावठी शे, पोरी दूर सरकतीस,” वडील म्हणाले. त्यांना वासाचं बोलायची लाज वाटत होती.

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. “पोरी, मी मान फिरवणार नाही. कर.”

मी तोंड उघडलं. ते खरंच हलले नाहीत. मग आरशाने आत पाहिलं, सळईने एका दाढेला टोचलं, आणि मी खुर्चीतून उडाले.

“सापडली. वरची, अगदी मागची. आतून पोखरली आहे. बोलीला काही झालेलं नाही, दाढ सडली आहे. आणि हे उपास कोणी सांगितले?” आईने पदर सावरला. “उपाशी तोंड कोरडं पडतं, कोरडं तोंड वास मारतं. त्यात हिने बोलणंही बंद केलं. म्हणजे तोंडाला वाराही नाही आणि पाणीही नाही. दाढ काढू आत्ता.”

आई उठून मध्ये उभी राहिली. “वरनी दाढ काढी का डोया जातस, डागदरसाहेब. मन्ही पोर आंधी व्हई गयी ते पुस्तकं काय हातवरी वाची?”

वरची दाढ काढली की नजर जाते, यावर आमच्या गावात कुणाचं दुमत नव्हतं. खरं सांगायचं तर माझंही नव्हतं. एकीकडे वास, दुसरीकडे डोळे. डोळे गेले तर कॉलेज गेलं, आणि दाढ राहिली तरी कॉलेज गेलंच होतं.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आपला जबडा उघडून आईला आत बघायला लावलं. “देख, बेन. मन्ह्या वरन्या दाढा शेतस का?” वरच्या बाजूला दोन्हीकडे रिकामी हिरडी होती. मग त्यांनी टाके घालायची सुई घेतली, दोरा घेतला आणि चष्मा काढून, एका दमात ओवला. दोरा काढून सुई आईच्या हातात दिली. “आते तू वव.”

आई दाराच्या उजेडात गेली. दोरा ओला केला, पिळला, डोळे बारीक केले. दोरा काही जाईना.

“तुन्ह्या ते सम्द्या दाढा शेतस ना? मंग दोरा का बरं जात नहीं?”

आई आधी चिडली, मग पदर तोंडाला लावून हसायला लागली. “काढा बाप्पा,” म्हणाली आणि खाली बसली. पण माझा हात तिने शेवटपर्यंत सोडला नाही.

इंजेक्शन दिल्यामुळे दाढ काढताना दुखलं थोडं, आवाज मात्र मोठा झाला. डॉक्टरांनी दाढ चिमट्यात धरून माझ्या नाकाशी आणली. “घे, ओळख करून घे.” मी हुंगलं आणि मान फिरवली. ते हसले. “बघ, तूही फिरवलीस. मुलींचं काय चुकलं? एवढंच, की सांगायला हवं होतं. स्वतःचा वास स्वतःला कळत नाही पोरी, तो दुसऱ्यानेच सांगावा लागतो.”

मी घोरपडीसारख्या सुजलेल्या गालाने बैलगाडीत बसले आणि रस्ताभर मुकाट रडले. दुखत होतं म्हणून नाही. दोष माझा नव्हता, माझ्या बोलीचा नव्हता, गावाचा नव्हता. एका दाढेचा होता, आणि ती शहाद्याच्या बादलीत पडली होती.

त्यांनी दिलेला उपचार साधा होता. जेवल्यावर खळखळून चूळ भर. दातांच्या फटी साफ ठेव. पाणी पी. “आणि दातण का सोडलंस? घासून झालं की ते उभं चिरून जिभेवरून ओढतेस ना? अर्धा वास तिथला. शहरात ब्रश वापर हवा तर, पण जीभ विसरू नको. आणि सोमवारी जेव.”

सुट्टी संपल्यावर मी परत गेले. थोड्याच दिवसांत वर्गात कुमुद माझ्या कानाशी वाकून प्राध्यापकांच्या टोपीबद्दल काहीतरी कुजबुजली. मीही वळून तिच्या तोंडाजवळ तोंड नेऊन उत्तर दिलं. ती मागे सरकली नाही. काय बोललो ते आता आठवत नाही. दोघींना वर्गाबाहेर काढलं, ते आठवतं. इतक्या आनंदाने वर्गाबाहेर गेलेली मुलगी त्या कॉलेजने पाहिली नसेल.

पुढे मी बी.ए. झाले, नंदुरबारच्या शाळेत शिकवायला लागले. सुट्टीत डॉक्टरांना भेटायला जात असे. साठचं दशक संपता संपता त्यांनी दवाखाना बंद केला. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे ‘बाई’ म्हणत, त्या आधीच वारल्या होत्या. त्या वेळी मी भेटायला गेले तर डॉक्टर ओसरीवर बसले होते. धुळ्याहून नवी कवळी करून आणली होती आणि बोलताना तोंडावर सारखा हात होता. सुनेने चहाचा कप लांबूनच ठेवला. मी बसले तसे तेच थोडे मागे सरकले.

मग त्यांनी हळूच विचारलं, “घरात सगळे म्हणतात, काही नाही. तुला काय वाटतं?”

मी खुर्ची पुढे ओढली. “हात काढा, डॉक्टर. हा करा.”

त्यांनी लहान मुलासारखं केलं. मी मान फिरवली नाही.

“वास येतो,” मी म्हणाले. “कवळी रात्रीसुद्धा घालूनच झोपता ना?”

डॉक्टर असे हसले, की कवळी खालीच यायची. “घालूनच झोपतो! वेंधळा मी. हजार लोकांना सांगितलं असेल, काढून धुऊन ठेवा म्हणून.” मोठा श्वास सोडत ते खुर्चीत मागे रेलले. “बाई असत्या तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. बरं झालं आलीस.”

मी वाटीत पाणी आणलं. त्यांनी कवळी काढून धुतली आणि वाटीतच ठेवली. नंतर दिवेलागणीपर्यंत आम्ही बोलत बसलो. दातांवाचून त्यांचे निम्मे शब्द मला कळत नव्हते. पण त्यांचा हात आता तोंडावर नव्हता, गुडघ्यावर होता.