वाळवीची अर्धी गोष्ट

कोलार रोडच्या आमच्या कॉलनीत दर रविवारी सकाळी मी पाच-सहा वर्षांच्या मुलांना जंगलाच्या गोष्टी सांगते. एकदा वाळवीची सांगितली. पडलेलं झाड वाळवी खाते, त्याची माती होते, त्या मातीत नवं रोप उगवतं. वाळवी नसती तर जंगलात पाय ठेवायला जागा उरली नसती. मुलांना वाळवी फार आवडली.

दोन दिवसांनी एका मुलीची आई माझ्या दारात उभी. "ताई, आमच्याकडे वाळवीचं औषध मारायला माणूस आला होता. ही दार अडवून बसली. त्याला हिंदीत म्हणे, दीमक को मत मारो, वाळवीला मारू नका. तो परत गेला, आणि इकडे पलंगाचा पाय पोखरलाय. ती गोष्ट बंद करा, नाहीतर मी हिला पाठवणार नाही."

"गोष्ट बंद होणार नाही," मी म्हटलं. "पण मी ती अर्धीच सांगितली, ती चूक माझी. रविवारी तुम्हीही या."

रविवारी मी गोष्टीत अस्वल आणलं. त्यानं वारूळ उकरलं आणि पोटभर वाळवी खाल्ली. उरली तिला पडलेली झाडं पुरली, उभं जंगल वाचलं.

ती मुलगी आईकडे वळून म्हणाली, "आपल्या घरात अस्वल कुठंय? त्या औषधवाल्या काकांनाच बोलाव."

आईनं तिथूनच फोन लावला. पुढच्या रविवारी मुलगी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.