न दिलेली सुट्टी

आधीच सांगतो, मी अमावस्येला गाडी घेतलेला माणूस. शोरूमवाल्यानंच दोनदा विचारलं, साहेब नक्की ना? बायको महिनाभर त्या गाडीत बसली नाही. करणी, भानामती असलं कोणी सुरू केलं की मी सरळ विषय बदलतो. त्यामुळं खालचं वाचून हसायचं असेल तर खुशाल हसा... मीही हसलो असतो.

कोल्हापूरच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीत मी सुपरवायझर आहे. आमच्याकडं वाळूचे साचे करणारी निम्मी माणसं ओडिशाची. सुकांत त्यातलाच. आला तेव्हा पत्र्याच्या एका खोलीत आठजण पाळीपाळीनं झोपायचे. पहिल्या उन्हाळ्यात भट्टीपुढं चक्कर येऊन पडला, दुसऱ्या दिवशी परत हजर. मराठीचा गंध नव्हता, पण दोन वर्षांत तांबडा रस्सा भुरकत माझ्यापेक्षा अस्सल कोल्हापुरी बोलायला लागला.

आमच्यात प्रत्येकजण साच्यात आपली खूण काढतो, माल खराब निघाला तर कुणाचा ते कळावं म्हणून. सुकांतची खूण मासा. तारेनं काढलेला, शेपटी जरा वाकडी. ओतलेल्या लोखंडावर ती उमटते, पुढं मशीनिंगला घासून निघून जाते.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मंगळवारी दुपारी चहाच्या वेळी तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. म्हणाला, "साहेब, आई लई सिरीयस हाय. आज निघालो तर गाठ पडंल."

शनिवारी मोठा माल जायचा होता आणि तो साचा त्याच्याशिवाय कुणाला जमत नव्हता. मी मान वर न करता म्हणालो, "शनिवारी माल गेला की जा."

"बरं साहेब," म्हणाला आणि गेला. दुसऱ्यांदा मागायचा त्याचा स्वभाव नव्हता. मला ते माहीत होतं, म्हणूनच मी तसं बोललो.

बुधवार, गुरुवार, शुक्रवार तो कामावर होता. हे मी कुठंही सांगायला तयार आहे. वाळूच्या कामानं अंगठे झिजतात, हजेरीच्या मशीनवर सुकांतचा अंगठा चार वेळा घासल्याशिवाय लागायचा नाही. त्या तीन दिवसांत पहिल्या झटक्यात लागला. मी बाजूलाच उभा होतो. गुरुवारी अकराच्या सुमारास वाळू जरा ओली वाटते म्हणून त्याला सांगितलं, त्यानं मान हलवली. जेवायला मात्र उठला नाही. बोललाही नाही कुणाशी. माझ्यावर रुसलाय असं वाटलं, आणि माल निघत होता म्हणून मी तेही मनावर घेतलं नाही.

शनिवारी ट्रक गेला. आता जा बाबा, असं सांगायला गेलो तर सुकांत नाही. खोलीवर चौकशी केली. पोरं दुसऱ्या कारखान्यातली. म्हणाली, तो तर मंगळवारीच संध्याकाळी बॅग घेऊन गेला, तुम्हीच सुट्टी दिलीसा न्हवं? चार रात्री त्याची वळकटी उलगडलेली नव्हती.

पंधरा दिवसांनी आला. डोकं भादरलेलं. आला तो सरळ माझ्या पाया पडला. "साहेब, तुम्ही जा म्हणालासा म्हणून आईच्या तोंडात शेवटचं पाणी माझ्या हातनं पडलं. गुरुवारी, अकरा वाजता."

खरं सांगू? भीतीबिती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. त्याचं तिकीट बघितलं, मंगळवार संध्याकाळचं, पुण्यात गाडी बदलून. हजेरी बघितली, तिन्ही दिवस अंगठा. दुसऱ्या कुणी काम केलं म्हणावं तर मी स्वतः त्याच्याशी बोललो होतो, हातभर अंतरावरून. मग रिजेक्ट मालाचा ढीग उपसला. गुरुवारचा बॅच नंबर असलेलं एक कास्टिंग निघालं. कोपऱ्यात मासा, शेपटी वाकडी.

ते मी घरी आणून ठेवलंय. एकदा त्याला दाखवलं. उलटसुलट करून बघितलं आणि म्हणाला, "मासा माझाच हाय की. कवाचा?" मी म्हणालो, असाच, जुना. तेव्हाच सांगून टाकायला पाहिजे होतं.

आता त्याची स्वतःची शेड आहे, सहा माणसं हाताखाली. बायको-मुलगी इथं आणली. आईच्या तिथीला बायको छेना पोडा करते, त्यांच्याकडचा भाजलेल्या पनीरचा गोड पदार्थ, आणि पहिला तुकडा माझ्या घरी येतो. मी खातो. चव लागत नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून झालं, मित्रांशी बोलून झालं.

यंदा तो स्वतःच डबा घेऊन आला होता. माझ्या बायकोनं सहज विचारलं, काम कसं चाललंय? म्हणाला, शेडमधला एक बिहारी पोरगा ऐन डिस्पॅचच्या तोंडावर गावाला गेलाय, बाप आजारी म्हणून. माल दोन दिवस लांबला.

"आणि तुम्ही सोडलंत?" बायको म्हणाली.

"सोडणारच की वहिनी," सुकांत माझ्याकडं बघून हसला. "साहेबांच्याकडनंच शिकलोय न्हवं."