उसनी भावकी

आमचं आडनाव फार मोठं आहे. आमचं म्हणजे नवऱ्याकडचं. मुंबईत कुठलंही सरकार येवो, मंत्र्यांच्या यादीत त्या आडनावाचा एक तरी असतोच, आणि समोरच्या बाकावरून त्याला शिव्या घालणाराही बहुतेक त्याच आडनावाचा असतो. या सगळ्यांशी आमचा संबंध एवढाच, की आपल्या आडनावाचं बटण दाबायचं म्हणून माझे सासरे तापात सायकल मारत मतदानाला गेले होते. ते आडनाव इथे लिहीत नाही. लिहिलं की लोक हसतात, हे मी इथे चंदीगडला येऊन शिकले.

हे आर्मीच्या मेसमध्ये स्वयंपाकी. त्यांच्यामागे मी आले, आणि बुडैलच्या दाटीवाटीच्या वस्तीत खोली घेऊन मराठी घरांतून पोळ्या करायला लागले. ज्या बाईंबद्दल लिहायचं आहे, त्या सेक्टर चोवीसला राहतात. साहेब हॉस्पिटलात मोठे डॉक्टर. बाई इथल्या मराठी बायकांच्या मंडळाच्या पुढारी. पहिल्या दिवशी त्यांनी माझं आडनाव विचारलं.

"अय्या! म्हणजे तुम्ही राज्यकर्ते की हो. बसा ना, सोफ्यावर बसा."

मी खरंच बसले. मला वाटलं, चांगल्या आहेत. तेवढ्यात शेजारच्या बाई आल्या, आणि माझ्याकडे बघून दोघी इतक्या हसल्या की डोळे पुसायला लागल्या. तेव्हापासून मी मंत्रीणबाई.

"मंत्रीणबाई, आज खातेवाटप काय? भेंडी की गवार?"

तिकडे सरकार पडलं त्या सकाळी मी कणीक मळत होते. मागून आवाज आला, "अरेरे, आता बंगला सोडावा लागणार हो तुम्हाला. बुडैलचा!" संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी तिळगुळाचं ताट घेऊन आत गेले, तर सगळ्या बायकांसमोर, "या, शपथविधी आटोपला का?" त्या दिवशी तर मंडळातल्या एका कर्नलांच्या बायकोला ठसका लागला हसताना.

मी कधीच काही बोलले नाही. चारचौघांत माझी जीभ टाळूला चिकटते. चौथीत बाईंनी कविता म्हणायला उभं केलं होतं, तेव्हाही चिकटली होती. पण मला ऐकू सगळं येतं, आणि ऐकलेलं मी विसरत नाही.

मग एकदा माझा मोबाइल घरी राहिला म्हणून माझी मुलगी तो द्यायला आली. बारावी झाली होती तिची. बाईंचा मुलगा मित्रांबरोबर गेटाशी उभा होता. बाई म्हणाल्या, "या कोण, युवा नेत्या का? कुठलं खातं देऊया यांना? धुणीभांडी?" मुलं हसली. माझ्या मुलीने मोबाइल माझ्या हातात दिला आणि गेली.

आठवड्याभराने कॉलेजचा फॉर्म भरताना तिने नुसतं नाव लिहिलं. इकडे तसं चालतं.

"मम्मी, मुझे ये सरनेम चाहिए ही नहीं," म्हणाली.

हे म्हणाले, "राहू दे. नाव जितकं छोटं, तितका फॉर्म लवकर भरतो." आम्हाला हसवायला बोलले. पण जेवताना त्यांनी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवली. इतक्या वर्षांच्या संसारात मी त्यांना अन्न टाकताना पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी मी ठरवलं, की बाईंना याची भरपाई करायला लावायची. कशी, ते कळत नव्हतं. भाजी खारट करणं, पोळी जाळणं हे माझ्याने होणारं नव्हतं, ते अन्न आहे. मी वाट बघत राहिले. दोन वर्षं पोळ्या लाटता लाटता दुसरा विचार केला नाही.

मागच्या थंडीत बाईंनी मला पुन्हा सोफ्यावर बसवलं, आणि या वेळी स्वतः चहा आणून दिला.

"वहिनी," म्हणाल्या. वहिनी! "तुमचं गाव आणि मंत्रीसाहेबांचं गाव एकाच जिल्ह्यातलं ना?"

मी मान हलवली. ते खरंच होतं.

"मग भावकीच झाली की!"

साहेबांना परत महाराष्ट्रात जायचं होतं. तिथल्या एका मोठ्या मेडिकल कॉलेजच्या मुख्य डॉक्टरची जागा रिकामी होती, आणि कागद आमच्या आडनावाच्या मंत्र्याकडे अडला होता. तो मंत्री मीटिंगसाठी इथे चंदीगडच्या कॅपिटल कॉम्प्लेक्सला येणार होता. बाईंनी त्याच्या पीएला फोन करून सांगितलं होतं, की मंत्रीसाहेबांच्या भावकीतल्या एक वहिनी आमच्या घरच्याच आहेत, त्यांना मंत्रीसाहेबांना ओवाळायची फार इच्छा आहे.

आता बाईंना एक गोष्ट माहीत नव्हती. त्यांच्यात गोत्र विचारतात. आमच्याकडे एका आडनावाची दोन माणसं भेटली, की आधी गाव विचारतात आणि मग देवक. देवक म्हणजे घराण्याची खूण, लग्नात पुजतात ती. देवक जुळलं तर भावकी. नाही जुळलं तर आडनाव कितीही एक असो, रस्त्यावरच्या दोन माणसांइतकंच नातं. आमचं आणि त्या मंत्र्याचं देवक वेगळं आहे, हे आमच्या भागात शेंबड्या पोरालाही माहीत. तो विचारणार हेही मला पक्कं माहीत होतं.

मी चहा प्यायले. चांगला झाला होता.

आठ दिवस तालीम चालली. "ओवाळून झालं की एवढंच म्हणायचं: दादा, आमच्या डॉक्टरसाहेबांना न्याय द्या. म्हणा बघू. जोरात! अहो, पोटातून!" बाईंनी सगळ्या मंडळाला सांगून टाकलं, पुण्यातल्या बहिणीला सांगून टाकलं, घर बघायलाही सांगितलं असावं.

एकदाच साहेब मध्ये बोलले. ते भले माणूस आहेत. आमच्या यांची छाती दुखली होती तेव्हा स्वतः बरोबर येऊन त्यांनी सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. ते म्हणाले, "अगं, नातं नक्की आहे का, ते त्यांना विचार तरी." आणि माझ्याकडे बघितलं. मी तोंड उघडलं होतं. देवाशपथ, उघडलं होतं.

बाई म्हणाल्या, "त्यांना काय कळतंय त्यातलं? मी बोलते आहे ना!"

मी मटार सोलायला आत गेले.

मंत्री सकाळी बाईंच्या घरी आला. बाईंनी मला त्यांची जांभळी पैठणी नेसवली होती. मंडळाच्या पाचसहा बायका नटून बसल्या होत्या. मी ओवाळलं. माणूस गावाकडचाच, मोकळा.

"काय वहिनी, कुठलं गाव?"

मी सांगितलं.

"म्हणजे नदीच्या पलीकडचं. देवक काय तुमचं?"

"मोराचं पीस."

तो हसायला लागला. "आमचं पंचपल्लव! मग कसली भावकी? तुमच्यात आमच्यात तर सोयरीक जमते की!"

बाई पुढे झाल्या. "अहो साहेब, आडनाव एकच ना, म्हणजे लांबचं का होईना..."

"ताई, आमच्या आडनावाची भावकी धरायची तर निम्मं सभागृह पंगतीला बसवावं लागेल. विरोधी पक्षासकट." मग मला म्हणाला, "तुम्ही यांच्या कोण मग?"

माझी जीभ कुठे चिकटली नाही. मला स्वतःचंच नवल वाटलं.

"मी यांच्याकडे पोळ्या करते. ही पैठणी बाईंची आहे. काय म्हणायचं ते त्यांनी आठ दिवस शिकवलंय."

"काय म्हणायचं?"

मी पोटातून, जोरात म्हटलं, "दादा, आमच्या डॉक्टरसाहेबांना न्याय द्या."

कर्नलांच्या बायकोने पदर तोंडाला लावला. मंत्री हसायचा थांबला. चहाचा कप होता तिथेच ठेवून पीएला म्हणाला, "माझं नातं लावून बाहेर काय काय चालतं बघा. या विषयावर आपलं काही बोलणं झालेलं नाही." साहेब कागदांचं पाकीट हातात धरून उभे होते. त्यांच्याकडे त्याने बघितलंही नाही.

सगळे गेल्यावर बाई स्वयंपाकघरात आल्या. मी पैठणी सोडून माझी साडी नेसले होते.

"तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"आठ दिवस?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलत होता ना, बाई."

ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली. साहेबांचं मला वाईट वाटतं. त्यांच्या पोळीला मी तूप जरा जास्त लावते. पण झालेलं परत घ्यायला कोणी सांगितलं, तर घेणार नाही. घरी मी हे मुलीला सांगितलं. वाटलं होतं, हसेल. ती म्हणाली, "मम्मी, आपने अंकल का काम बिगाड़ दिया?" आडनाव तिने परत लावलेलं नाही. यांनी मात्र त्या रात्री ताटात कणही ठेवला नाही.

बाईंना मला काढता येत नाही. काढलं, तर का काढलं हे पुन्हा सगळ्यांना सांगावं लागेल. आणि सोडून मी जात नाही. सेक्टर पंधराच्या बाई दोनदा बोलावून गेल्या. त्यांच्याकडे माणसं तीनच, काम हलकं. मी नाही म्हटलं. सकाळी साडेसातला मी बेल वाजवते आणि बाई दार उघडतात. पूर्वी मी खाली बघून आत जायचे. आता मी उंबऱ्यात क्षणभर थांबते आणि त्यांच्या डोळ्यांत बघते, त्यांनी मान खाली घालेपर्यंत. मग चप्पल काढते आणि कणीक भिजवायला घेते.