पाण्याच्या नळीतला पट्टा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सरांना नाही — आणि ज्यांना सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? खरं सांगू, मलाही नीट कळत नाही.

मी कोल्हापुरात एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत झाडांचे विषाणू शोधते. मिरची आकसली, टोमॅटो पिवळा पडला, की लोक पानं घेऊन येतात. त्यात कुठला विषाणू आहे ते आम्ही ओळखतो, त्याची जनुकीय अक्षरं वाचून घेतो. आज माझ्या हाताखाली सहा मुली आहेत. पहिल्याच दिवशी मी त्यांना दरडावते — प्रत्येक तपासणीत एक नळी नुसत्या पाण्याची ठेवायची. पान नाही, काही नाही, शुद्ध पाणी. विषाणू असला की निकालाच्या फोटोत त्या नळीसमोर चमकता पट्टा उमटतो; तो पाण्यासमोरही दिसला, तर समजायचं की घाण आपल्याच हातून शिरली. मग सगळी तपासणी फेकायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मुली मला खडूस म्हणतात. म्हणू देत.

मी स्वतः विद्यार्थिनी होते तेव्हाची गोष्ट. शांताक्का कुरुंदवाडजवळ मिरचीची रोपं तयार करून विकायच्या. शेडनेटखाली ट्रेच ट्रे. आजूबाजूच्या गावांतली माणसं रोपं न्यायला त्यांच्याकडेच यायची. त्या आमच्याकडे आल्या तेव्हा त्यांची रोपं आजारी नव्हती — हे लक्षात घ्या. हिरवीगार होती. त्या वर्षी सगळीकडे रोगाची बोंब होती, म्हणून त्या आपण होऊन एसटीनं आल्या, ओल्या वर्तमानपत्रात पानं गुंडाळून. "बगा की बाई एकदा तपासून. लोकांस्नी खात्रीनं द्यायला पायजे," म्हणाल्या. असं कोण येतं हो? चांगला दिसणारा माल तपासायला कोण आणून देतं?

त्याच दिवशी माझ्याकडे पन्हाळ्याकडून आलेली रोगट पानं होती. दोन्ही मी एकाच टेबलावर, एकामागोमाग खलात वाटली. मध्ये हातमोजे बदलले होते का, आठवत नाही. — नाही, आठवतं. नव्हते बदलले.

संध्याकाळी निकालाचा फोटो आला. शांताक्कांच्या पानांसमोर पट्टा चमकत होता. आणि मला — हे लिहितानाही लाज वाटते — आनंद झाला. निरोगी दिसणाऱ्या रोपांत विषाणू! मी धावत सरांकडे गेले. सर माझे मार्गदर्शक, कौतुकाच्या बाबतीत फार हात आखडता. त्या दिवशी मात्र खुर्चीतून उठले, शेजारच्या खोलीतल्या दोघांना बोलावून सांगितलं. मी तरंगत परत आले आणि तेव्हा कुठे तो फोटो नीट पाहिला. शेवटची नळी पाण्याची. तिथंही पट्टा होता. फिकट, पण होता.

सरांची खोली दहा पावलांवर होती. एवढंच म्हणायचं होतं — सर, चुकलं, पुन्हा करते. काय झालं असतं? ओरडले असते. लोक चार दिवस हसले असते. मी काय केलं? कॉम्प्युटरवर त्या फोटोची कड कापली. पाण्याची नळी गेली. अहवाल तयार केला, सही केली, पाठवून दिला.

शांताक्कांना गप्प बसता आलं असतं. रोपं दिसायला चांगलीच होती, हातोहात खपली असती. त्यांनी सगळे ट्रे रिकामे करून रोपं जाळली. मग गावोगाव फिरून, आधी रोपं नेलेल्या प्रत्येकाला स्वतः सांगितलं, की माझ्याकडच्या रोपांत रोग आहे, उपटून टाका. लोकांनी उपटली. पुढच्या हंगामात त्यांच्याकडे कुणी फिरकलं नाही. मग शेडनेटही उतरली.

तीन आठवड्यांनी बाहेर पाठवलेल्या नमुन्यांची जनुकीय अक्षरं आली. दोन रानांतल्या विषाणूंत सहसा थोडाफार तरी फरक निघतो. हे दोन अक्षरन् अक्षर एकच होते. कुरुंदवाडचा म्हणून मी दाखवलेला विषाणू पन्हाळ्याच्या पानांतून, माझ्या हातमोज्यावरून आलेला होता. तेव्हा तरी बोलायचं? रोपं जळून गेली, आता सांगून काय उपयोग, असं मी मनाला पटवलं. मनही काय, लगेच पटलं त्याला. पुढे शोधनिबंध छापून आला, त्यावर नोकरी लागली. जगभरातले संशोधक बघतात त्या यादीत तो विषाणू आजही कुरुंदवाडच्या नावावर आहे.

गेल्या वर्षी एका लग्नात शांताक्का दिसल्या. आता दुसऱ्यांच्या रानात मजुरीनं भांगलायला, तण काढायला जातात, असं कळलं होतं. मी तोंड चुकवत होते. पण त्याच आपण होऊन गर्दीतून वाट काढत आल्या, माझा हात धरला आणि शेजारच्या बाईला सांगू लागल्या, "ह्याच त्या बाई. ह्यांनी येळंवर सांगितलं म्हणून बरं झालं. न्हाईतर माझ्या हातानं लोकांच्या रानात रोग गेला असता की."

हात सोडत नव्हत्या. घाई कुणालाच नव्हती. तुमची रोपं निरोगी होती — चार शब्द होते.

मी म्हणाले, "असू दे अक्का, आमचं कामच आहे ते."