पिठाची बाही

मामाला गल्लीतली पोरं भूतमामा म्हणत. चाळीस वर्षं पिठाची गिरणी चालवलेला माणूस. भुवया, पापण्या, कानांतले केस, सगळं पांढरं. आंघोळ करून बाहेर पडला की शेजारीही ओळखत नसत.

गिरणीत पीठ बाहेर पडतं तिथे कापडाची लांब बाही बांधलेली असते. हवा निघून जाते, पीठ आत राहतं. बाही चोंदली की काठीचे दोन फटके मारायचे. पीठ झडतं, बाही पुन्हा फुगते. छातीचंही असंच असतं, अशी मामाची पक्की समजूत. रोज सकाळी अर्धा तास खोकायचा, घट्ट कफ थुंकायचा आणि समाधानाने म्हणायचा, "झाली साफ!"

खोकल्याचं औषध तो मोरीत ओतायचा. खोकला थांबला तर पीठ आतच राहील ना!

मामी म्हणायची, "अहो, निदान नाकाला फडकं बांधा."

"मग वास कसा येणार? दगड तापून पीठ करपायला लागलं की आधी नाकालाच कळतं."

"नाक राहील हो. बाकीचा माणूस राहील का?"

मामाच्या गिरणीतून करपलेलं पीठ कधी कुणाच्या घरी गेलं नाही, हे मात्र खरं. त्याची तेवढीच मिजास होती.

दरवर्षी थंडीत खोकला तीन-तीन महिने मुक्कामाला यायचा. मग तो जायचाच विसरला. पोतं सोडाच, गिरणीच्या तीन पायऱ्या चढतानाही मामा मध्ये थांबू लागला. बोलताना शब्दांपेक्षा स्वल्पविराम जास्त. तेव्हा मी त्याला जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी नळीत फुंकायला लावलं. मामाने गाल फुगवले, डोळे वटारले. यंत्रावरचा काटा जेमतेम हलला.

"काका, रोजच्या धुळीने आतल्या श्वासनळ्या सुजल्यात. भिंती जाड झाल्या, कफ वाढला, हवेची वाट अरुंद झाली. खोकून कफ निघतो. सूज नाही निघत."

मामा विचारात पडला. "म्हणजे... बाही ओली झाली?"

त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी सांगितलं, "कोरडं पीठ झटकता येतं. ओल लागली की त्याची खळ होते, कापड पुठ्ठ्यासारखं ताठ होतं. मग फटके मारले तर फाटतं."

"हो," त्या हळू म्हणाल्या. "तसंच झालंय."

"मग कापड बदला की," मामा म्हणाला.

"ते बदलता येत नाही, काका. उरलंय ते जपायचं. आजपासून गिरणी बंद."

आता गिरणी मी चालवतो, मास्क लावून. मामा समोरच्या ओट्यावर औषधाचा पंप घेऊन बसतो आणि माझ्या चुका मोजतो.

परवा दुपारी तो एकदम उठला. मध्ये वीस पावलांचा रस्ता. दारापर्यंत आला, चौकट धरली, तोंड उघडलं, शब्द फुटेना. नुसता हात हलवत होता. मला वाटलं, पंप मागतोय. मी ओट्याकडे धावलो.

पंपाचे दोन झुरके घेतल्यावर शब्द आला, "दगड."

तोवर डबाभर पीठ करपलं होतं.

मामाने चिमूट उचलली, बोटांत चोळली, हुंगली. "माझ्या गिरणीत... कधी... नव्हतं..." वाक्य तिथेच संपलं.

मामी घरातून ओलं फडकं घेऊन आली आणि त्याच्या नाकावर धरलं. पहिल्यांदाच त्याने तिचा हात बाजूला केला नाही.